दुधाला फॅट, उसाला उतारा, मग सूर्यफुलाला नुसता काटा का?

माझा चुलतभाऊ लातूर जिल्ह्यातल्या औशाहून मुंबईला आला की त्याच्या पिशवीत शेतातलं काही ना काही असतंच. एका वर्षी त्याने सूर्यफुलाच्या बियांच्या दोन पुरचुंड्या आणल्या. एक त्याच्या रानातली, दुसरी बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याच्या रानातली. शेजाऱ्याचं बी ठोसर, लांबट, राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचं. भावाचं बारीक आणि काळंभोर. म्हणाला, "अक्का, तुम्ही तेल काढून बघता ना, ह्या दोन्हीत किती निघतंय सांगा."

तेव्हा मी मुंबईतल्या एका तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. दिवसभर एकच काम: बी दळायचं, कागदी नळकांड्यात भरायचं, सॉक्सलेट नावाच्या तेल काढायच्या काचेच्या उपकरणात चढवून पेट्रोलियम ईथरने तासन्‌तास धुवायचं, मग ईथर उडवून लावायचं आणि तळाशी राहिलेलं तेल तोलायचं. साहेबांना विचारून संध्याकाळी सुट्टीनंतर या दोन पुरचुंड्या लावल्या. पट्ट्यापट्ट्याच्या बियांत शंभराला 33 निघालं, काळ्यात 42. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून आनंदाने सांगितलं. तिकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाला, "शेजाऱ्याच्या मालाला क्विंटलमागं चार पैसे जास्तच मिळाले. दाणा मोठा दिसतो म्हणून. तेल किती हे कोण बघतंय अक्का? काट्यावर किती भरलं ते बघतेत."

नोकरी संपून मला आता बरीच वर्षं झाली, पण ते बोलणं डोक्यातून गेलेलं नाही. खाद्यतेलाच्या आयातीवर लेख येतात, मंत्र्यांची भाषणं होतात, मोहिमा जाहीर होतात. प्रत्येक वेळी मला ती काळ्या बियांची पुरचुंडी आठवते. ज्या पिकाचं सगळं मोल त्याच्या पोटातल्या तेलात आहे, ते पीक आपण वजनावर विकत घेतो. मला वाटतं, सूर्यफुलाच्या बाबतीत आपल्याकडे झालेल्या घसरणीतली ही एक मोठी आणि दुरुस्त करता येण्यासारखी चूक आहे. तेलबियांना तेलाच्या टक्क्यावर भाव मिळाला पाहिजे, आणि तो टक्का शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजला गेला पाहिजे. हे नुसतं न्यायाचं बोलणं नाही. बियांच्या गुणधर्मांचं शास्त्र काय सांगतं ते पाहिलं की यावाचून वाट नाही असं दिसतं.

त्या दोन पुरचुंड्यांतला फरक कुठून आला ते आधी पाहू. सूर्यफुलाचं आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर फळ आहे. बाहेरचं टरफल म्हणजे फळाची भिंत, आतला गर म्हणजे खरं बी. तेल जवळजवळ सगळं गरात असतं, टरफलात नावापुरतं. आता साधा हिशेब मांडा. शंभर किलो बियांत टरफल 25 किलो, गर 75 किलो आणि गरात 56 टक्के तेल असेल तर 42 किलो तेल. तेच टरफल 40 किलो झालं, गर 60 किलो राहिला आणि त्यात 55 टक्के तेल असलं तर 33 किलो. गराच्या गुणात फारसा फरक नाही, टरफलाने सगळा घात केला. तेल किलोला शंभर रुपये धरलं तरी क्विंटलमागे नऊशे रुपयांचा फरक. तो फरक काट्याला दिसत नाही. उलट मोठ्या दाण्याचं टरफल बहुधा जाड असतं, टरफल आणि गर यांच्यामध्ये मोकळी जागा असते, आणि डोळ्याला तोच माल भरीव वाटतो.

रंगावरूनही भुलू नये. पट्टे आणि काळेपणा हे टरफलाच्या वेगवेगळ्या थरांतल्या रंगद्रव्यांचे खेळ आहेत. सर्वांत वरच्या पापुद्र्यात एक रंग, त्याखालच्या थरात दुसरा, आणि त्याच्याही खाली काही वाणांत कोळशासारखा काळा, कठीण थर, जो बी पोखरणाऱ्या अळीला आत शिरू देत नाही. रशियात शंभर वर्षांपूर्वी अशा 'चिलखती' बियांचे वाण मुद्दाम निवडले गेले. तेलासाठी पैदास केलेले बरेचसे वाण काळे आणि पातळ टरफलाचे असतात, पण काळं म्हणजे तेलकट असा नियम नाही. मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच खरं.

आता मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. टरफल पूर्णपणे आईचं असतं. परागकण कुठून का येईना, टरफलाची जाडी, रंग, पट्टे हे सगळं ज्या झाडावर फूल आलं त्या झाडाच्या जनुकांवर ठरतं. गर मात्र आई आणि बाप दोघांचा. त्यामुळे एकाच फुलातल्या हजारभर दाण्यांची टरफलं एकाच जातीची, पण आत प्रत्येक गराची कुंडली वेगळी. शेतकरी संकरित बियाण्याची पिशवी फोडतो तेव्हा त्या बियांचं टरफल मादी वाणाचं असतं. ते पेरून जे पीक येतं त्याचं टरफल त्या संकरित झाडाचं, आणि आतला गर पुढच्या पिढीचा, आईबापांचे गुण पुन्हा वेगवेगळे पडू लागलेला. त्यात शेजारच्या रानातून मधमाशीने आणलेला परागही मिसळलेला. म्हणून सूर्यफुलात "हा वाण इतक्या टक्क्यांचा" असं कागदावर लिहिलेलं आणि पोत्यात भरलेलं एकच असेल याची खात्री देता येत नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा आकडा ही शक्यता आहे. पोत्यातलं तेल ही वस्तुस्थिती आहे. आणि भाव वस्तुस्थितीला मिळायला हवा.

तेलाचं प्रमाण हा एका जनुकाचा खेळ नाही. सूर्यफुलाच्या गुणसूत्रांच्या सतरा जोड्या आहेत. 2017 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, साडेतीन अब्जांहून जास्त अक्षरांचा, माणसाच्या जनुकसंचापेक्षाही मोठा. त्यात तेलाच्या टक्क्यावर थोडा थोडा परिणाम करणाऱ्या जागा अनेक ठिकाणी विखुरलेल्या आहेत. टरफलाचं प्रमाण वाढलं की तेल कमी होतं, प्रथिनं वाढली की बहुधा तेल घटतं, दाणा मोठा करायला जावं तर टरफल डोकं वर काढतं. असे गुण एकमेकांचे हात धरून चालतात. पैदास करणाऱ्याला त्यांची मिठी सोडवत बसावं लागतं. पण एक दिलासा आहे: तेलाचं प्रमाण हा गुण पिढीतून पिढीत चांगला उतरतो. एकरी उत्पन्न पाऊस, खत, जमीन यांच्यासोबत हेलकावे खातं. त्या मानाने तेलाचा टक्का आईबापांशी इमान राखतो. म्हणजे निवड केली तर फळ मिळतं. फक्त निवड करायला मोजमाप लागतं.

हे वासिली पुस्तोवोइत या माणसाने दाखवून दिलं. दक्षिण रशियातल्या क्रास्नोदारला त्याने सूर्यफुलावर आयुष्य घातलं. त्याची पद्धत आपल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला पटेल अशी होती. चांगल्या वाटलेल्या प्रत्येक फुलाचं बी वेगळं काढायचं, त्याचे वाटे करायचे. एक वाटा तपासायचा आणि पेरून बघायचा, दुसरा जपून राखून ठेवायचा. ज्या फुलाची संतती तेलात आणि उत्पन्नात सरस ठरली, त्याच फुलाचं राखलेलं बी बाहेर काढायचं आणि असल्या निवडक बियांनाच आपसांत परागीभवन करू द्यायचं. पुन्हा तपासणी, पुन्हा निवड. शंभराला तीसच्या आसपास तेल असणाऱ्या पिकातून त्याने काही दशकांत पन्नास टक्क्यांच्या घरातले वाण काढले. सुरुवातीचा बराच फायदा टरफल पातळ करून मिळाला, पुढचा गरातलं तेल वाढवून. 1969 साली भारतात सोव्हिएत देशातून जे सूर्यफूल व्यापारी पीक म्हणून आलं, ते याच परंपरेतलं. आपल्या रानात सूर्यफूल आलं तेच मुळी तेल मोजणाऱ्या माणसांच्या हातून. आपण ते घेतलं आणि मोजायचं सोडून दिलं.

आपल्या शास्त्रज्ञांनी काम केलं नाही असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. 1969 मध्ये फ्रान्सच्या लक्लेर्कने रानटी सूर्यफुलाशी संकर करून नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न धरणारा, वाण मिळवला, लगोलग अमेरिकेत त्याची प्रजननशक्ती परत आणणारी जनुकं सापडली, आणि संकरित सूर्यफुलाचा रस्ता खुला झाला. 1980 मध्ये बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित वाण दिला. आमच्या लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने एलएसएफएच-35, एलएसएफएच-171 असे वाण दिले, सोलापूरहून 'भानु' आला. आणि चेंबूरला आमच्या गच्चीवरून जी ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्रात 'सूर्या' या पट्टेरी बियांच्या वाणावर गॅमा किरणांचा मारा करून त्यातून काळ्या टरफलाचा वाण निवडला गेला. अकोल्याच्या विद्यापीठाच्या सोबतीने तो टीएएस-82 या नावाने 2007 मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. मुंबईत राहणाऱ्या किती लोकांना माहीत असेल की आपल्या शहरात सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलाचा रंग बदलला गेला? मला हे कळलं तेव्हा अभिमान वाटला होता, अजून वाटतो.

पण संशोधन केंद्राच्या चाचण्यांत तेलाचा टक्का आणि हेक्टरी तेल बघून वाण वर काढायचा, आणि बाजार समितीच्या यार्डात त्या टक्क्याला कवडीची किंमत नाही, अशी ही साखळी मधेच तुटलेली आहे. शेतकरी शहाणा आहे. त्याला जे मोजलं जातं तेच तो पिकवणार. उद्या मी शेतात उभी राहिले आणि मला एक बारीक दाण्याचा 42 टक्क्यांचा वाण आणि एक ठोसर दाण्याचा 35 टक्क्यांचा, पण एकरी पन्नास किलो जास्त देणारा, असे दोन समोर ठेवले, तर मीही दुसराच घेईन. मग बियाणं विकणारी कंपनी कशासाठी पैदास करेल? तीही दाण्याच्या आकारामागेच जाणार. तीस-चाळीस वर्षं असं चाललं तर देशाच्या बियाण्यात काय उरेल? बाजाराचा काटा हासुद्धा निवड करणारा आहे. पुस्तोवोइतची जागा आपण त्या काट्याला दिली आहे.

आपल्याच महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरणं हाताशी आहेत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे पाच वाजता बाई चरवी घेऊन उभी असते. तिचं दूध मापात ओतण्याआधी त्याचा थेंब यंत्रात जातो. फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचा घन भाग) किती, पावतीवर छापून येतं. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरतो हे शाळेत न गेलेल्या आजीलाही पाठ आहे. ऊस घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला, क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी (सरकारने ठरवलेला रास्त किमान भाव) ठरली आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. उताऱ्यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, निवडणुका रंगतात. उसाचा उतारा कारखान्याचा सरासरी असतो, एकेका शेतकऱ्याचा नसतो, ही त्यातली उणीव मला ठाऊक आहे. तरीही कोणता वाण लावायचा यावर कोल्हापूर-सांगलीच्या पारावर साखरेच्या टक्क्यांची चर्चा होते, ती या हिशेबामुळेच. सूर्यफुलाच्या तेलाच्या टक्क्याची चर्चा मी औशाच्या पारावर कधी ऐकली नाही. ऐकू येणार कशी?

बाहेरच्या देशात हे नवीन नाही. अमेरिकेत तेलाच्या सूर्यफुलाचा करार करताना 40 टक्के तेल हा पाया धरतात आणि त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला भावात साधारण दोन टक्के वाढ देतात, खाली गेलं तर कापतात. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा टक्का माहीत असतो. आणि मोजायला आता माझ्यासारखं सॉक्सलेटपाशी तासन्‌तास बसावं लागत नाही. चुंबकाच्या जोरावर तेल मोजणाऱ्या एनएमआरच्या यंत्रात अख्खं बी, न दळता, न फोडता ठेवलं तर मिनिटाच्या आत तेल किती ते दिसतं, आणि बी पुन्हा पेरता येतं. अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रंही आहेत. आपल्या संशोधन संस्थांत ही यंत्रं आहेत, मोठ्या तेल कारखान्यांतही आहेत. म्हणजे गंमत बघा: माल विकत घेणाऱ्याला तेल किती ते ठाऊक असतं, माल विकणाऱ्याला नसतं. व्यापारी कारखान्याला माल देतो तेव्हा तिथे तेल तपासलं जातं, त्यावर पैसे कमीजास्त होतात. शेतकऱ्यापाशी येईपर्यंत तो हिशेब गायब होतो. चांगल्या बियाचा फायदा वाटेतच कुणाच्या तरी खिशात राहतो.

तेलबियांचा हमीभाव तेलाच्या टक्क्याशी जोडावा, हा विचार कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशींतही येऊन गेलेला आहे. म्हणजे कल्पना सरकारला परकी नाही. 2025-26 साठी सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला 7,721 रुपये ठरला. पण हमीभावाने खरेदी करणाऱ्या केंद्रावर ओलावा आणि मातेरं बघण्यापलीकडे कुणी जात नाही, आणि खुल्या यार्डात तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन लिलाव होतो. कागदावरच्या टक्क्याला यार्डातलं यंत्र मिळालं तरच अर्थ.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने खाद्यतेलांच्या तेलबियांसाठी 10,103 कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. 2030-31 पर्यंत तेलबियांचं उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचं आहे. उद्दिष्ट वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: टन कशाचे? बियांचे. तेलाचे टन असतील तर बोलू. टरफलाचे टन वाढवूनही हा आकडा गाठता येईल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

इथे माझ्या ओळखीतले शेतीचे अभ्यासक मला थांबवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. सूर्यफूल मागे पडलं ते तेलाच्या टक्क्यामुळे नव्हे, असं ते सांगतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात सूर्यफुलाखाली पंचवीस लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती, आज तीन लाखही नाही. 1994 मध्ये पामोलीनची, म्हणजे पामतेलाची, आयात 65 टक्के शुल्कावर खुली झाली आणि 1998 पर्यंत ते शुल्क 15 टक्क्यांवर आलं. स्वस्त तेलाच्या लोंढ्यात भाव टिकले नाहीत. लातूर भागात केवडा रोग आला, 1997 पासून दक्षिणेत नेक्रोसिसच्या विषाणूने पिकं बसवली. पाखरांनी जीव नकोसा केला. मधमाश्या कमी झाल्या की दाणे पोचट राहतात, मग हाताला तलम फडकं गुंडाळून सकाळी एकेका फुलावरून फिरवत बसावं लागतं. त्यापेक्षा सोयाबीन बरं, पेरलं की काढणीपर्यंत डोकेदुखी कमी. आज मराठवाड्यात तेच झालंय.

यातलं एकही वाक्य मी नाकारत नाही. आयात शुल्काचं तर मी आणखी ठासून सांगेन. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवर नेलं आणि मे 2025 अखेर ते पुन्हा 10 वर आणलं. आठ-नऊ महिन्यांत धोरण फिरलं तर शेतकऱ्याने पेरणी कशाच्या भरवशावर करायची? सूर्यफूल तेल आपण गेल्या काही वर्षांत वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास आणतो, बहुतेक रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिनातून. 2022 मध्ये काळ्या समुद्रात युद्ध पेटलं तेव्हा दादरच्या किराणा दुकानात पिशवीचा भाव दर आठवड्याला वेगळा होता, हे मुंबईच्या प्रत्येक गृहिणीला आठवत असेल. न्हावा शेवाच्या धक्क्यावर जहाज उशिरा लागलं की आपल्या फोडणीवर परिणाम होतो. तेव्हा शुल्क महत्त्वाचंच.

पण नीट पाहिलं तर हे आक्षेप माझ्याच बाजूने उभे राहतात. सोयाबीनमध्ये तेल 18 ते 20 टक्के, सूर्यफुलात त्याच्या दुप्पट. सोयाबीनचं मोल पेंडीत आहे, सूर्यफुलाचं तेलात. दोन्ही एकाच काट्यावर किलोने मोजली तर ज्याच्यात कष्ट कमी ते पीक जिंकणार हे उघड आहे. पाखरं राखायची, फुलांवर हात फिरवायचा, एवढे जादा कष्ट घेणाऱ्याला ज्या एका गोष्टीसाठी जादा पैसे मिळू शकले असते, ती गोष्ट आपण मोजतच नाही. रोगप्रतिकारक वाण हवेत, तेही हवेतच. पण त्यांच्या पैदाशीत वीस-वीस वर्षं घालवायला विद्यापीठांना कारण दिसलं पाहिजे, बाजारात मागणी दिसली पाहिजे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. दाणे भरताना कडक ऊन पडलं, पाण्याचा ताण बसला की तेलाचा टक्का घसरतो. कोरडवाहू शेतकऱ्याला नशिबाची शिक्षा द्यायची का? नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे पाया खालचा धरावा, समजा 35, त्याखाली कपात नको, वर गेलं तर वाढ द्यावी. दुधातल्या यंत्रांत काटामारी होते, फॅट कमी दाखवतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे नमुन्याचे तीन भाग, एक शेतकऱ्याकडे सीलबंद, आणि वाद झाला तर तिसऱ्याने तपासायचं. मुंबईच्या तेलबाजारात नमुन्यांचे असे वाद आम्ही रोज सोडवत होतो. त्यात अवघड असं काही नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण पुढची वीस वर्षं तिच्यावर ठरणार आहेत. तेल किती याच्याइतकंच तेल कोणतं हेही महत्त्वाचं. तेल वेगवेगळ्या स्निग्ध आम्लांचं बनलेलं असतं. साध्या सूर्यफूल तेलात त्यातलं लिनोलिक आम्ल जास्त असतं, तळणीच्या कढईत ते लवकर बिघडतं. 1976 मध्ये सोव्हिएत संशोधक सोल्दातोव्हने बियांवर रासायनिक प्रक्रिया करून असा वाण मिळवला की ज्याच्या तेलात ओलिक आम्ल 75 टक्क्यांच्या वर, ऑलिव्ह तेलाच्या तोडीचं. त्याला नाव दिलं 'पेर्वेनेत्स', म्हणजे थोरलं अपत्य. आत काय घडलं होतं तर ओलिकचं लिनोलिक करणाऱ्या जनुकाची प्रत पुन्हा जोडली गेली आणि त्या गडबडीत ते जनुकच गप्प झालं. जगातले बहुतेक उच्च-ओलिक वाण याच एका अपत्याचे वंशज आहेत.

आता मघाची गोष्ट आठवा: गर दोघांचा असतो. उच्च-ओलिक पीक लावलं आणि शेजारी साधं सूर्यफूल असलं तर मधमाशी तिकडचा पराग आणणार, आणि काही गरांचं तेल घसरणार. साध्या वाणांत तर हवामानही हात घालतं. थंडीत भरलेल्या दाण्यात लिनोलिक वाढतं, उन्हाळ्यात भरलेल्या दाण्यात ओलिक. एकाच वाणाचे खरिपाचे आणि उन्हाळी नमुने आमच्या काचेखाली दोन वेगळ्या पिकांसारखे दिसायचे. मुंबईच्या दुकानात परदेशी ऑलिव्हच्या बाटलीला आपण किती पैसे मोजतो ते बघा. त्याच गुणाचं तेल मराठवाड्यात पिकू शकतं. पण पोतं तपासल्याशिवाय ते साध्या मालातून वेगळं काढता येत नाही, आणि वेगळं काढलं नाही तर ते ढिगात मिसळून साधंच होऊन जातं. जास्त मेहनत करून कोण पिकवेल?

मोहिमेच्या पैशातून माझी मागणी फार मोठी नाही. सूर्यफूल आणि करडई येणाऱ्या बाजार समित्यांत, म्हणजे लातूर, औसा, सोलापूर, बार्शी अशा आठ-दहा ठिकाणी, एनएमआरचं एकेक यंत्र आणि ते चालवायला विज्ञान शिकलेली दोन मुलं-मुली. त्या भागात बी.एस्सी. होऊन घरी बसलेली मुलं किती आहेत ते मला नात्यातूनच ठाऊक आहे. आलेल्या प्रत्येक ढिगाचा टक्का लिलावाआधी फळ्यावर लिहायचा. पहिल्या दोन वर्षांत भाव बदलायची सक्तीही नको. नुसता आकडा दिसू दे. लिलावात बोली लावणाऱ्यालाही तो दिसेल, माल आणणाऱ्यालाही. तिसऱ्या वर्षी हमीभावाची वाढ त्याला जोडायची. आणि सगळ्या यार्डांतले आकडे वाणाच्या नावासकट लातूर, अकोला, राहुरी, परभणी इथल्या पैदासकारांकडे दर हंगामाला गेले पाहिजेत. शेतकऱ्याच्या रानातला, खऱ्याखुऱ्या पावसातला टक्का पैदासकाराला आजवर इतक्या मोठ्या प्रमाणावर कधी मिळालेला नाही. पुस्तोवोइतला एका केंद्रावर जे जमलं, ते आपल्याला हजारो रानांतून जमू शकतं.

भावाने गेल्या दिवाळीत त्याच्या जुन्या हिशोबपट्ट्यांची वही दाखवली. वीस-बावीस वर्षांच्या पट्ट्या त्याने तारखेनुसार लावून ठेवल्यात, पहिल्या काही वर्षांच्या सूर्यफुलाच्या, मग सगळ्या सोयाबीनच्या. प्रत्येक पट्टीवर तेच रकाने: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. मी पेन घेऊन एका जुन्या पट्टीवर, वजन आणि दर यांच्या मधल्या रेघेवर, 'तेल 42' असं लिहिलं. त्याने ती पट्टी वहीतून काढून माझ्याकडेच दिली, म्हणाला, "तिकडं कुणाला तरी दाखवा, अक्का."